परबचा ‘श्री’ आणि बोरिवलीचा स्लो सर्व्हर

आमच्या ऑफिसात किस्से चहाच्या उष्ट्या कपांसारखे साठतात. कोणी उचलत नाही, रोज नवे येऊन बसतात. आणि त्यातल्या निम्म्यांची सुरुवात एकाच फोनने होते. "तुमचा सर्व्हर स्लो आहे!" नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम सर्व्हर स्लो!

आम्ही अंधेरीला एमआयडीसीत बसतो आणि लोकांचे सर्व्हर सांभाळतो. म्हणजे बोरिवलीच्या एखाद्या ऑफिसात टेबलावर जो कॉम्प्युटर दिसतो, त्यात खरं तर काहीच नसतं. काम सगळं आमच्याकडच्या सर्व्हरवर चालतं, तिकडे दिसतं ते त्याचं चित्र. यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणायचं. बरं, सर्व्हर तरी स्वतंत्र असावा? तेही नाही. एका दांडग्या मशीनच्या पोटात असे सहा सर्व्हर भाडेकरू म्हणून राहतात. एकाने नळ पूर्ण सोडला की बाकीच्यांचं पाणी बारीक होतं.

हे सगळं मी एकदा आईला समजावलं. आई वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकते. तिने कोलंबी सोलता सोलता शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर तू इथून चालवतेस? मंग त्याला हात नाय काय?"

इंजिनियरिंगची चार वर्षं एका वाक्यात धुतली गेली.

*

आमच्या टीममध्ये तिघं. मी, परब आणि आमचे साहेब कर्णिक सर. परब राहतो भांडुपला, मूळचा मालवणचा. डोक्याने तल्लख, पण सगळी घाई. त्याची एक सवय आहे. काहीही लिहायचं तर आधी वर ‘श्री’ लिहायचं. देवनागरीत, ठसठशीत, खाली दोन रेघा मारून. तक्रारीच्या उत्तरावर श्री, पासवर्डच्या यादीवर श्री. परदेशी कंपनीला जाणाऱ्या ईमेलवरही श्री! कर्णिक सर एकदा वैतागून म्हणाले, "अरे, त्या लोकांना काय कळणार?"

"सर, त्यांच्यासाठी नाही लिहीत," परब म्हणाला. "ज्याच्यासाठी लिहितो, त्याला कळतं."

एकदा एक सर्व्हर दोन आठवडे रखडत होता. मेमरी बघितली, डिस्क बघितली, नेटवर्कवाल्यांशी यथासांग भांडून झालं. शेवटी सापडला एक स्नॅपशॉट. सर्व्हरमध्ये काही बदल करायच्या आधी तो ‘होता तसा’ जपून ठेवायची ही सोय. बिघडलं तर मागे जाता येतं. पण काम झालं की स्नॅपशॉट काढून टाकायचा असतो, नाहीतर सर्व्हर जुनं आणि नवं दोन्ही ओझी वाहत बसतो. हा स्नॅपशॉट अकरा महिन्यांचा होता!

"कोणाचा आहे हा?" कर्णिक सर गरजले.

मी त्याच्यापुढची नोंद वाचून दाखवली. "श्री. फक्त आजच्यापुरता."

सगळ्यांच्या माना परबकडे. परब म्हणाला, "सर, तो दिवस जरा लांबला."

*

मुलुंडच्या एका कारखानदाराने सर्व्हर स्वतःच्याच ऑफिसात ठेवला होता. तक्रार अशी, की सकाळी बटण दाबावं आणि खिडकी उघडेपर्यंत चहा पिऊन यावा. मी गेले. मशीन नवंकोरं, महागडं. बघते तर काय, मशीनची सेटिंग ‘वीज वाचवा’वर! घोडा पाय बांधून वर शर्यतीत उतरवलेला.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मी स्वतः!" मालक छाती फुगवून म्हणाले. "घरचा फ्रिज पण मी असाच कमीवर ठेवतो."

"मग आइस्क्रीम कसं राहतं?"

"आमच्याकडे मिल्कशेकच पितात."

*

घाटकोपरच्या टूर कंपनीचे साहेब तर कुठूनतरी ज्ञान घेऊन आले होते. "माझ्या सर्व्हरला चार प्रोसेसर आहेत. मला सोळा पाहिजेत!" कर्णिक सरांनी परोपरीने सांगितलं, की सामायिक मशीनवर जास्त मागितलं की जास्त ताटकळावं लागतं. हॉटेलात चौघांना टेबल लगेच मिळतं, सोळा जणांना दारात उभं राहावं लागतं. ऐकतात कुठले! दिले सोळा. सर्व्हर ठार झोपला.

दोन दिवसांनी त्यांच्याच परवानगीने ‘थोडी दुरुस्ती’ केली आणि मी गुपचूप परत चार करून टाकले. तासाभरात फोन. "बघा, आता कसा पळतोय! मी म्हणत नव्हतो? सोळा म्हणजे सोळा!"

कर्णिक सरांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "यातलं एक अक्षर बोललीस तर बघ."

*

पण आमचं खरं दुखणं होतं बोरिवलीचं. औषधांचे मोठे डिस्ट्रिब्युटर, आमचे सगळ्यात जुने ग्राहक. त्यांच्याकडे ऑर्डर बघायला होत्या फिलोमिना मॅडम. गोराईच्या. गळ्यात क्रॉस, मॉनिटरशेजारी मदर मेरीचा फोटो, आणि आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. ऑर्डर संपल्याशिवाय उठता येत नसे, आणि उशीर झाला की खाडीवरची बोट चुके. बोट चुकली की पलीकडची बसही गेली. मग दुसऱ्या दिवशी आमची पूजा! "काल परत माझी बोट चुकली, तुमच्या त्या सर्व्हरमुळे!"

परब दर वेळी सर्व्हर तपासायचा. सर्व्हर ठणठणीत. बाकीच्या लोकांची तक्रारही नाही. पण मॅडमनी माउस हलवला, की पडद्यावरचा बाण मनात आलं तरच निघायचा.

तरी परबला त्यांचा लळा होता. मॅडम काम संपलं की नुसती फुली दाबून निघून जायच्या. फुली दाबली की आपली खिडकी बंद होते, पण आत सर्व्हरवर आपलं दुकान चालूच राहतं आणि जागा अडवतं. म्हणून परब रोज पाचला फोन करायचा. "आंटी, फुली नाय, लॉगऑफ करा. आणि उठा, बोट सुटतली."

एका संध्याकाळी तो रजेवर होता, तर मॅडमनी मलाच फोन केला. "तो पोरगा बरा हाय ना? आज उठवलं नाय मला."

*

मग बोरिवलीच्या मालकांचा निरोप आला. शुक्रवारी या, समोर दाखवा, नाहीतर आम्ही दुसरे बघतो. कर्णिक सर परबला म्हणाले, "हे काम तुझ्याकडे होतं. हा ग्राहक गेला, तर तुलाही ठेवता येणार नाही मला." परबची मुलगी तेव्हा दीड महिन्याची होती. मला फार वाईट वाटत होतं, आणि करण्यासारखं काही सुचत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं बोरिवलीला. मालक मॅडमच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे. कर्णिक सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज करता तस्संच करा."

मॅडमनी रिमोट डेस्कटॉप उघडला. त्यात उघडला तो आमचा एक जुना, टेस्टिंगचा सर्व्हर! त्याच्या आत त्यांनी आणखी एक रिमोट डेस्कटॉप उघडला. त्याच्या आत तिसरा. आणि त्या तिसऱ्यातून, वळसा घालून, त्यांच्याच कंपनीचा सर्व्हर. खिडकीत खिडकी, तिच्यात खिडकी. बोरिवलीहून गोराईला जायला आधी पनवेल!

"आवशीचो घो!" परबच्या तोंडून निघालं.

त्याने सगळं बंद केलं आणि सरळ मार्गाने एकदाच जोडलं. चटकन उघडलं. मॅडमनी माउस हलवला, बाणही हातासरशी हलला. मालक वाकून बघायला लागले. "अरे, हा तर पळतोय! मग इतके दिवस हा उलटा रस्ता कशाला?"

"चिठ्ठीवर लिवलंय तसंच करते मी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड उचलला आणि खालून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून मालकांच्या हातात दिली.

मी डोकावले. वर ठसठशीत ‘श्री’, खाली दोन रेघा. मग एक, दोन, तीन असे पत्ते, घाईघाईत खरडलेले. आणि तळाला, "फक्त आजच्यापुरतं."

मला लगेच आठवलं. दीड वर्षापूर्वी, त्यांचा नवा सर्व्हर सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी, सरळ रस्ता बंद होता म्हणून परबने तिथल्या सगळ्यांना हा आडमार्ग लिहून दिला होता. दुसऱ्या दिवशी बाकी सगळ्यांना सरळ रस्ता दिला, पण मॅडम त्या दिवशी पुतण्याच्या लग्नाला गेल्या होत्या. त्यांना द्यायचा राहिला तो राहिलाच.

कर्णिक सरांनीही ओळखलं. ते छताकडे बघायला लागले. परबचा चेहरा पांढराफटक.

"ही कोणी लिहिली?" मालकांनी विचारलं. "ज्याने लिहिली, तो माणूस उद्यापासून माझ्या कामावर नको."

परबने तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत फिलोमिना मॅडम म्हणाल्या, "मीच लिवली."

मालकांनी चिठ्ठीवरच्या ‘श्री’कडे बघितलं. मग मदर मेरीच्या फोटोकडे. मग मॅडमच्या गळ्यातल्या क्रॉसकडे.

"तुम्ही?"

मॅडमनी त्यांच्या हातून चिठ्ठी काढून घेतली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"मग? शुभ कामाला वर श्री नको लिवायला?"