मागच्या ओळीला आधी विचारणारे अप्पा

आज सकाळी मन्मथअप्पा गेले. चहा प्यायले, बशी खाली ठेवली आणि गेले.

नव्वदी गाठलेल्या माणसानं अजून काय मागावं!

अप्पा एसटीत कंडक्टर. लातूरच्या आमच्या घरकुल कॉलनीत शेजारी.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झालेला. ऑफिसं नवी, साहेब नवे, दुष्काळ तेवढा जुना. मी अहमदपूरहून लग्न होऊन आले होते.

कॉलनीत घरांच्या चार ओळी. आमची आणि अप्पांची पुढची. टँकर गेटवरच थांबायचा. मागच्या ओळीपर्यंत गाळ तेवढा पोचायचा.

मग एक बोअर मंजूर झाला. एकच. कोरडा गेला तर दुसरा मिळणार नव्हता.

साहेब जीपमधून उतरले आणि गेटजवळ चुन्याची फुली मारली. आम्ही पुढचे लगेच, "बरोबर, बरोबर!" आम्हाला काय, दारात पाणी.

अप्पा म्हणाले, "थांबा साहेब. आधी मागच्या ओळीला इचारू."

"कशाला?"

"एसटीत मागच्या सीटवर धक्के लई बसतात. रस्ता कसा हाय ते त्यांनाच ठावं."

मागचं कुणी बोलेना. साहेब घड्याळ बघू लागले. अप्पा जागचे हलले नाहीत. मला असा संताप आला म्हणून सांगू!

शेवटी टोकाच्या घरातली रुक्मिणबाई उठली.

"साहेब, ह्या घरांचे पाये मी खंदलेत. गेटापाशी पहार मोडली, नुसता खडक. आमच्या मागं बाभळीपाशी ऐन उन्हाळ्यात खड्डा वला व्हता."

आणि मी, कालची आलेली सून, मोठ्यानं म्हणाले, "पाया खंदणारीला काय कळतंय पाण्यातलं?"

लोक हसले. रुक्मिणबाई खाली बसली.

अप्पा नाही हसले. "पोरी, तू ज्या घरात राहतीस ते बी तिनंच उभं केलंय."

मग साहेबांना चालवत बाभळीपर्यंत घेऊन गेले.

तिथंच बोअर घेतला. पाणी लागलं, भरपूर लागलं!

महिनाभर मी अप्पांशी बोलले नाही. घागर घेऊन मागच्या ओळीत जायचे, तोंड फुगवून. रुक्मिणबाई स्वतःहून माझ्यासाठी हापसा मारायची. मी घागर उचलून तशीच चालू लागायचे.

त्यानंतर कॉलनीची प्रत्येक बैठक मागच्या ओळीपासून सुरू झाली. दिवे, नाली, रस्ता, सगळं बोलून मिळवलं. रुक्मिणबाई तर कमिटीची अध्यक्ष झाली, आणि साहेब लोक तिला घाबरायचे. मजा यायची बघायला.

पण "माझं चुकलं" हे मी ना अप्पांना म्हणाले, ना तिला.

आज अप्पांच्या ओट्यावर ती बसली होती. पार थकलीय आता. शेजारी टेकले आणि म्हणाले, "बाई, त्या दिवशी लई वाईट बोलले मी."

"हाव," ती म्हणाली. "लई लागलं व्हतं."

आणि तिनं माझा हात धरला, तो माती देऊन माणसं परत येईपर्यंत सोडला नाही.

अप्पा, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. माझं चुकलं होतं.

निवांत जा. तुमच्या चारही ओळींचा नमस्कार.