एक हात सफेद

आमच्या समोरच्या दारातल्या कुंदाताई मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्या भांडुपच्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या बाह्या जोडायला लागल्या आणि त्याच कामावर त्यांनी मुलाला, देवेशला, इंजिनियर केलं. कापडात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण रंगाच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. माझी नवी साडी पाहून तोंडावर म्हणाल्या होत्या, "हो रंग तुका शोभणा नाय गो."

नवरा गेल्यापासून मुलुंडच्या घरात त्या एकट्याच. मे महिन्यात देवेश दिंडोशीहून आला आणि म्हणाला, "आई, पावसाच्या आधी घर रंगवून घेऊया." येताना शेड कार्ड घेऊन आला होता.

ते कार्ड कुंदाताईंनी आठवडाभर हातातून सोडलं नाही. भिंतीला लावून सकाळच्या उजेडात बघायच्या, ट्यूब लावून पुन्हा बघायच्या. ज्या भिंतीपुढे दरवर्षी गणपती बसतो, तिच्यासाठी त्यांनी कैरीच्या सालीचा हिरवा रंग निवडला. "मखर सफेद, जास्वंद लाल, मागे हो हिरवो. बाप्पा कसो उठान दिसतलो बघ."

"घे ना तुला हवा तो," देवेश म्हणाला. मोबाइलमधून मान वर न काढता. मला तेव्हा कौतुकच वाटलं, आईच्या मनासारखं करतोय म्हणून.

कुंदाताईंनी फोटो उतरवले, खिळे उपटले. पोपडे आलेल्या जागांवर खडूने गोल काढून ठेवले. तिथे खरवडायचं, लांबी भरून भिंत सपाट करायची, घासायची आणि मगच रंगाचे दोन हात द्यायचे. मला हे त्यांनी इतक्यांदा समजावलं की मीही रंगारी झाले असते.

रतन पेंटर आला तो रोलर आणि बादली घेऊन. बादलीत पांढरा रंग. खिळ्यांची भोकं, पोपडे, खडूचे गोल, सगळ्यांवरून त्याने रोलर फिरवायला सुरुवात केली.

"अरे मेल्या, भिंत घासूची नाय?"

"काकी, एक हात सफेद सांगितलाय."

"कोणी?"

"दादांनी. मी फोनवर पहिलंच विचारलं, राहायचं घर की भाड्याने द्यायचं? भाड्याचं म्हणाले. भाड्याच्या घराला लांबी कोण मारतं?"

संध्याकाळी देवेश आला. मी तिथेच होते, उठून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"सांगणारच होतो, आई. तू एकटी असतेस, आम्हाला टेन्शन येतं. आता आमच्याकडेच राहा."

"मगे माका कार्ड कित्याक दिलंस?"

"तेवढंच मन रमेल म्हणून."

कुंदाताई त्या पांढऱ्या भिंतीकडे वळल्या. मग विचारलं, "आणि गणपती?"

"आमच्याकडे जागा कुठाय गं? या वर्षी बघू."

त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रतनची पत्र्याची पट्टी मागून घेतली आणि गणपतीची तेवढी भिंत खरवडत बसल्या, थेट प्लास्टरपर्यंत. रतन ओरडला, "काकी, ह्याच्यावर एक हात बसणार नाय हां!"

"नको बसांदे," त्या म्हणाल्या.

देवेशने त्याला सांगितलं, असू दे तसंच. नवीन भाडेकरूंनी त्या जागी फ्रिज ठेवलाय, त्यामुळे दिसतही नाही. कुंदाताई दिंडोशीला मुलाच्या हॉलमध्ये झोपतात. फोन केला की "बरी आसय" म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. यंदा त्यांचा गणपती बसला नाही.

परवा माझा निहार म्हणाला, "आई, आपलं घर पण रंगवून घेऊया ना. कलर तू निवड."

एकुलता एक आहे. चांगला आहे. देवेशही चांगलाच होता.

"आधी भिंत घासून दाखव," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी गंमत करतेय.