दक्षिण स्टँडची ऑपरेटर

माझ्या लग्नाची तारीख माझ्या नणंदेने दोनदा बदलायला लावली. एकदा फुटबॉलचा उपांत्य सामना होता म्हणून, आणि दुसऱ्यांदा तो सामना बरोबरीत सुटला आणि पुन्हा खेळवायचा ठरला म्हणून. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मला वाटलं, अख्खं घर वेडं आहे. घर वेडं नव्हतं, ती एकटीच होती.

खरं म्हणजे हे वेड तिच्या वाट्याचं नव्हतंच. पहिलं तिकीट तिच्या भावाचं, म्हणजे आमच्या ह्यांचं. ऐन वेळी ह्यांना ताप भरला आणि तिकीट वाया जाऊ नये म्हणून चौदा वर्षांच्या बहिणीला काकांबरोबर धाडलं. संध्याकाळी ती परतली ती घसा बसलेला, पायात एकच चप्पल, आणि दारातूनच विचारते, "दादा, तुझा ताप अजून किती दिवस टिकेल रे?" ह्यांनी पुन्हा कधी तिकीट मागितलं नाही. हिंमतच झाली नाही.

पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. मी एकदा तिचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा तिला काम करताना पाहिलं. उंच स्टूल, कानाला हेडफोन, समोर भिंतभर भोकं. दिवा लागला की एक वायर उचलून भोकात खुपसायची, "नंबर सांगा" म्हणायचं, दुसरी वायर दुसरीकडे खुपसायची. बारा-बारा वायरी एकमेकींवरून गेलेल्या, आणि कुठली कुणाची हे सगळं डोक्यात. सरळ लाइन मिळाली नाही तर तिसऱ्या गावावरून फिरवून जोडायची. बाकीच्या मुली "लाइन बिझी आहे" म्हणून मोकळ्या होत. ही होत नसे. शनिवारची दुपार मोकळी मिळावी म्हणून तिने एकतीस वर्षं इतरांच्या पहाटेच्या पाळ्या केल्या. लग्न का केलं नाही म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायची, "शनिवार सोडणारा भेटला नाही." एवढं बोलून विषय संपवायची. मला तिचं तेच आवडतं.

मैदानाच्या दक्षिणेचा स्टँड तेव्हा उभं राहून बघायचा होता. पायऱ्या आणि लोखंडी कठडे, दुसरं काही नाही. तिसऱ्या कठड्याशी पाच जण उभे राहत: ही, एक न्हावी, एक बस ड्रायव्हर, गणिताचे एक मास्तर आणि खिडक्यांना काचा बसवणारा एक सहा फुटी माणूस, ज्याला सगळे लांबू म्हणत. हिला ते ऑपरेटर म्हणत. चाळीस वर्षं हे पाच जण त्या कठड्याला टेकले. मॅच संपली की पुलाजवळच्या चहाच्या दुकानात बसून भांडत. जिंकले तरी भांडत.

मग क्लबला नवे मालक मिळाले. त्यांनी स्टँड पाडून खुर्च्यांचा बांधला. छान, स्वच्छ, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण जागा वाटल्या कॉम्प्युटरने. ऑपरेटर एका टोकाला, न्हावी वरच्या कोपऱ्यात, ड्रायव्हर खांबामागे, मास्तर आणि लांबू कुठेतरी मध्ये, तेही एकमेकांपासून वीस रांगा दूर. जागा बदलून मिळणार नाही, असं वर्षभराच्या पासावरच छापलेलं.

पहिलं वर्ष तिने काढलं. दुसऱ्या वर्षी एका शनिवारी दुपारी ती आमच्याकडे आली. गळ्यात क्लबचा मफलर, पायात मॅचचे बूट.

"वहिनी, रेडिओ कुठाय?"

"मॅच नाही का आज?"

"आहे ना. म्हणूनच विचारतेय."

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिने समालोचन ऐकलं. मॅच संपायला पाच मिनिटं असताना रेडिओ बंद केला, मफलर नीट केला आणि निघाली.

"आता कुठे?"

"चहाला. सगळे वाट बघत असतील."

"म्हणजे मॅचला न जाता मॅचहून आलीस असं दाखवणार?"

"त्यांना कळलं तर वाईट वाटेल गं. ते चौघं बिचारे नेमाने जातात."

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी एकदा तोंडावर सांगितलं, "जायचं तर जा, नाहीतर सोडून दे. सत्तरीला आलीस, माझ्या स्वयंपाकघरात बसून थापा कसल्या रचतेस?" त्यावर तिने नुसता रेडिओचा आवाज वाढवला. उलट उत्तर न देणारी नणंद मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. मॅच सुटली असती तर एक वेळ चाललं असतं. पण थापा उघड्या पडल्या की चहाही सुटणार होता, आणि चहा सुटला की तिच्याकडे उरणार काय? रविवार ते शुक्रवार. ते दिवस तिने कधी मोजलेच नव्हते.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. माझा चष्मा त्याच रस्त्यावर दुरुस्तीला टाकला होता, तो आणायचा होता. दिवसभर धुकं होतं. रेडिओवाल्याने ऐंशीव्या मिनिटाला "कॅप्टनचा गोल! कॅप्टनचं हेडर!" म्हणून बोंब ठोकली होती, ती आम्ही दोघींनी ऐकली होती. दुकानात पोचलो तर चौघेही हजर, मफलरसकट, चेहरे फुललेले.

"काय हेडर होतं!" न्हावी म्हणाला. "मी बरोबर समोर होतो. कॅप्टनने मान अशी वळवली, अशी..."

"कपाळाला चिखल लागला होता त्याच्या," ड्रायव्हर म्हणाला. "मला खांबाआडूनसुद्धा दिसला."

मास्तरांनी टेबलावर बोटाने कोन काढून दाखवला. लांबू म्हणाला, कॅप्टन खाली आल्यावर जमीन हादरलेली त्याला जाणवली. माझी नणंद कशाला मागे राहते? म्हणे, "गोल झाल्यावर माझ्याकडे बघून हात केला त्याने."

शेजारच्या टेबलावर एक नर्स बसली होती. केस धुक्याने ओले, मफलर ओला. ती वळून म्हणाली, "कुठला कॅप्टन? कॅप्टन तर मध्यंतरानंतर आलाच नाही. पाय मुरगळला त्याचा. गोल त्या नव्या टकल्या पोराने मारला. रेडिओवाल्याला धुक्यात दोन टकलांतला फरक कळला नाही. शेवटी माफी मागितली म्हणे त्याने."

शेवटी. म्हणजे त्या शेवटच्या पाच मिनिटांत, जेव्हा पाच ठिकाणचे पाच रेडिओ बंद झाले होते.

पाचही जण चहाच्या कपात बघत बसले. त्या पाचही कपांत काही दिसत नव्हतं.

"न्हाव्या," शेवटी मास्तर म्हणाले, "तू कुठे होतास?"

"दुकानात. शटर अर्धं ओढून." न्हावी लाल झाला. "तुम्ही?"

"वाचनालयात. कानात इअरफोन घालून."

ड्रायव्हर डेपोतल्या बाकावर बसत होता. लांबूची तऱ्हा सगळ्यांत न्यारी. बायकोला वाटत होतं हा मॅचला जातो, म्हणून हा बापडा काचेच्या गोदामात तीन तास उभा राहत होता. "बसायला जागाच नाही तिथे," तो म्हणाला, "सगळीकडे काचा."

मला हसू आवरेना. मी आधी हसले, मग नर्स, मग सगळेच. ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण हसू ओसरल्यावर कुणी मान वर करेना. एवढे मोठे घोडे झालेले, सगळे एकमेकांच्या काळजीने खोटं बोलत होते.

"ऑपरेटर, तू का सोडलंस?" लांबूने विचारलं. "तू सोडशील असं वाटलं नव्हतं."

ती म्हणाली, "अरे, पहिल्या महिन्यात गोल झाला. मी उडी मारली आणि वळले. शेजारी एक भला माणूस. छान टाळ्या वाजवत होता. मी कुणाच्या पाठीत गुद्दा घालू? ओळख ना देख. खाली बसले. त्यानंतर गोल झाला तरी उठावंसं वाटेना."

सगळ्यांचं तेच झालं होतं.

सोमवारी ती क्लबच्या कचेरीत गेली. मलाही ओढून नेलं, कारण मी इंग्रजी अर्ज चांगले लिहिते असा तिचा समज आहे. खिडकीतला कारकून सभ्य होता. "बाई, जागा बदलणं सिस्टीममध्ये बसत नाही."

"मध्यंतरात उठलेलं चालतं?"

"चालतं की."

"परत बसताना लोक आपापल्या मनाने दुसरीकडे बसले, तर सिस्टीमला कळतं?"

कारकुनाने मागे वळून पाहिलं, साहेब नाही याची खात्री केली आणि हळूच मान हलवली. नाही.

बाहेर पडताना तिची चाल बदललेली होती. मी मागून धापा टाकत होते.

हिशेब सोपा नव्हता. पाच जणांना शेजारी बसवायचं तर चार जणांना तिथून उठवायला हवं. त्या चौघांना कुणाशेजारी बसायचंय ते शोधायला हवं. मग तिथले उठवायला हवेत. ती पुन्हा मॅचला जायला लागली, पण मॅच बघायला नव्हे. रांगेरांगेने जाऊन विचारायची, "तुम्हाला कुणाशेजारी बसायचं होतं?" आणि काय सांगू, प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं! बाप इकडे, लेक तिकडे. दोन जुळे भाऊ दोन टोकांना. एका नवरा-बायकोला मात्र लांबच बसायचं होतं, त्यांची तशी नोंद केली. न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून सीट नंबर विचारायचा. सगळे खरं सांगायचे. माझ्या जेवणाच्या टेबलावर वॉलपेपरची उलटी गुंडाळी पसरली गेली, आणि ती पेन्सिलीने रेघा ओढत बसली. ही जागा तिथे, ती इकडे, जिथे सरळ जुळेना तिथे तिसऱ्यावरून फिरवून. मी महिनाभर मांडीवर ताट घेऊन जेवले. मास्तर येऊन तपासायचे आणि चूक सापडली नाही की चिडायचे. शेवटी आकडा झाला दोनशे शहाऐंशी माणसांचा.

"पंधरा मिनिटांत?" ड्रायव्हर म्हणाला. "जिन्यावर चेंगराचेंगरी होईल. डेपोतून गाड्या काढतात तसं करा. आधी खालच्या रांगा बाहेर, मग वरच्या खाली." मग तो तसा क्रम लावून घेऊन आला.

मार्चमधल्या एका शनिवारी मध्यंतराची शिट्टी वाजली. स्टँडच्या मधोमध लांबू उभा राहिला आणि त्याने लाल मफलर वर धरला. खालच्या सहा रांगा उठल्या. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलच्या मैदानात गेले होते, ह्यांना घेऊन. हे म्हणाले, "मला ताप आल्यासारखं वाटतंय," पण आले. काय दृश्य होतं ते! दोनशे शहाऐंशी माणसं, पिशव्या, छत्र्या, थर्मास, सगळं एकमेकांना ओलांडून चाललेलं, आणि कुठे धक्का नाही. सुरक्षारक्षक वॉकीटॉकीत ओरडत होता, "अहो, सगळे उठलेत! नाही, भांडण नाही! नाही, सभ्यच आहेत!"

आणि अकराव्या रांगेत गाडं अडलं. चौतीस नंबरवर एक जाडजूड माणूस हाताची घडी घालून बसला होता. मूळचा पासवाला आजारी, हा त्याचा मेहुणा. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मी का हलू?" तो म्हणाला. "ही माझी जागा आहे."

बाकीचे चौघे येऊन बसलेले. पाचवी जागा ती, आमच्या ऑपरेटरची. तिच्या मागे जिन्यावर माणसं खोळंबली. घड्याळात चार मिनिटं. न्हावी तावातावाने उठला, त्याला तिने हातानेच खाली बसवलं. "ऑपरेटर, जाऊ दे," मास्तर म्हणाले, "मी दुसरीकडे बसतो, तू माझ्या..."

"गप्प बसा मास्तर." ती त्या माणसासमोर वाकली. आवाज एकदम एक्स्चेंजमधला, थंड आणि स्पष्ट. "दादा, तुम्हाला कुणाशेजारी बसायला आवडेल?"

तो क्षणभर बघत राहिला. बहुधा त्याला हे कुणी कधी विचारलं नसावं. "कुणाच्याच नाही," तो म्हणाला. "घरी सासू, मेहुणे, पाच पोरं. मला जरा एकटं बसू द्या."

तिने कागद बघितलासुद्धा नाही. "वरची रांग, अगदी टोक, एक नंबर. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूची खुर्ची मोडकी आहे. कुणी येणार नाही."

"खरंच?" तो माणूस उठला आणि अक्षरशः पळत वर गेला.

खेळाडू मैदानात आले तेव्हा दक्षिण स्टँड जागच्या जागी होता. आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळा स्टँड उभा राहिला. खेळाडूंना वाटलं त्यांच्यासाठी आहे, त्यांनी हात हलवले. आम्ही तीन शून्यने हरलो. अकराव्या रांगेतल्या पाच जणांनी रेफरीचा, मालकाचा, नव्या टकल्या पोराचा आणि एकमेकांचा उद्धार केला. माझ्या नणंदेचा आवाज सत्तराव्या मिनिटाला गेला आणि तरी तिचं तोंड चालूच होतं.

उन्हाळ्यात क्लबकडून सगळ्या पासधारकांना पत्र आलं. जागांचं नवं वाटप जोडलं होतं. मी माझा चष्मा लावून ते तिच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. एक नंबरही वेगळा नव्हता, तिने मागाहून लिहिलेली मेहुण्याची जागासुद्धा नाही. वर छापलं होतं, "व्यवस्थापनाने तज्ज्ञांच्या सल्ल्याने आखलेल्या योजनेनुसार."

मी भडकले. म्हटलं, "मी त्यांना असं पत्र लिहिते की आयुष्यभर लक्षात राहील."

"लिही," ती म्हणाली. ती बूट पुसत होती. "पण शनिवारनंतर लिही. तोपर्यंत मला वेळ नाही."