पुजलेली तिफण

सौर प्रकल्पाला आम्ही शेत दिलं नाही, त्याचा राग तिथल्या साहेबाने आमच्या पांदणीवर काढला. साखरखेर्ड्याकडच्या आमच्या शिवारात बाकी सगळ्यांनी जमिनी भाड्याने दिल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण आमचं शेत पडलं मधोमध, आणि तिथे जायला बैलगाडीची ती एकच वाट. एके दिवशी तिच्यावर लोखंडी फाटक उभं राहिलं. पेरणी हुकली की शेत पडीक, आणि पडीक शेत किती दिवस धरून बसतील, असा त्यांचा डाव. मला तो लगेच कळला. मी काही दुधखुळी नाही.

जमिनीत ओल होती तोवरच हरभरा पेरता येणार होता. नवरा त्यांच्या ऑफिसातून हात हलवत परत आला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पेरणीची तिफण मांडली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नवऱ्याने बैल जुंपले, मी पदराच्या ओट्यात हरभरा बांधला आणि थेट फाटक गाठलं.

चौकीदार होता माझा चुलतदीर. स्वतःचं सगळं शेत प्रकल्पाला देऊन त्याने ही नोकरी धरली होती. गावातलाच माणूस गावाला बरा अडवेल, असं साहेबाला वाटलं असणार. तिथेच त्याची गफलत झाली.

“वयनी, वापस जा. हुकूम हाय.”

“भाऊजी, कुंकू दिसून राह्यलं ना तुमाले?”

त्याने तिफणीकडे पाहिलं. पुजलेली तिफण पेरल्याशिवाय आमच्याकडे कुणी घरी नेत नाही. तेवढ्यात साहेब आला.

“उद्या ऑफिसात या, बोलू.”

“साहेब, पुजलेली तिफण वापस जात नसते,” दीर म्हणाला आणि त्याने कुलूप काढलं. साहेब नोकरीवरून काढायची धमकी द्यायला लागला, तेव्हा मला राहवलं नाही.

“ऊन तुमी घ्या, साहेब. वाट आमची हाय.”

आज दोन्ही बाजूंना निळी पॅनल आहेत आणि मधून माझी गाडी जाते.

त्या दिवशी दीर आमच्या मागोमाग शेतापर्यंत आला. धुऱ्यावर, बांधापाशीच, त्याने बूट काढले.

“वयनी, एक फेरा मी पेरू का?”

बी घ्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं. त्याने डोक्यावरचं कंपनीचं पिवळं हेल्मेट काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. फाटकातून साहेब बघत होता. मी ते हरभऱ्याने काठोकाठ भरलं.