पद्मक्का आजारी नव्हत्या

मुलांच्या नाटकाला पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर कुणी मोठा माणूस बसला, की पद्मक्का त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या. "उठा की साहेब. हितं लेकरं बसणार. तुमची मान लांब हाय, मागनं दिसतंय की तुमाला!" माणूस नगरसेवक असो की आमचा अध्यक्ष, उठायचाच.

सोलापुरातल्या आमच्या कला मंडळाला सरकारचं अनुदान होतं. मी कार्यवाह, पद्मक्का बालनाट्य विभाग सांभाळायच्या. विणकराच्या घरातल्या, तेलुगूत आणि मराठीत सारख्याच जोराने भांडायच्या. नाटक निवडायच्या बैठकीत त्यांनी एकदा मुलांनाच आणून बसवलं.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, पोरांना काय कळतंय?"

"मग कुणाला कळतंय ओ? ज्यांच्या गुडघ्यात वात हाय त्यांना?"

मुलांनी आमची बोधकथा नाकारली आणि नळाला पाणी न येणाऱ्या गल्लीचं नाटक घेतलं.

प्रयोग भर उन्हाळ्यात होता. प्रमुख पाहुणे आल्याशिवाय तिसरी घंटा द्यायची नाही, ही आमची रीत. पाहुणे अक्कलकोटच्या कार्यक्रमात अडकलेले. मुलं दाढीमिशा चिकटवून विंगेत घामाघूम. मिशी सुटेल म्हणून त्यांना पाणीही मिळेना. तो हुकूम माझा होता.

पद्मक्कांना ते कळलं. "सर, मंडळ लेकरांसाठी हाय का पाव्हण्यांसाठी? एकदा ठरवा की!" त्यांनी कळशी आणून सगळ्यांना पोटभर पाणी पाजलं आणि स्वतः तिसरी घंटा दिली. निम्म्या मिशा गळून पडल्या. नाटक मात्र असं रंगलं, की उशिरा आलेले पाहुणे अंधारात दाराशी उभे राहिले आणि कुणी वळूनही पाहिलं नाही.

पुढच्याच बैठकीत आम्ही त्यांना काढलं. मुलांना काय सांगायचं, असा प्रश्न आला. 'अक्का आजारी आहेत म्हणा,' हे मी सुचवलं.

काही दिवसांनी त्या मंडईत भेटल्या. "लेकरं डाळिंबं घेऊन मला बघायला आली सर. मला काढलं त्याचं काय न्हाय. लेकरांशी खोटं बोललात, ते लई वाईट केलंत."

मी मान खाली घालून पुढे गेलो. पुढे कितीतरी वर्षं तशीच गेली.

गेल्या महिन्यात पद्मक्का वारल्या. शोकसभेत आताचे अध्यक्ष म्हणाले, "प्रकृतीच्या कारणाने बाईंना विभाग सोडावा लागला." मी उठलो. शेजाऱ्याने सदरा ओढला, "बसा हो, आता कशाला?"

"बसणार नाही," मी म्हणालो. "त्या ठणठणीत होत्या. मुलांना पाणी पाजलं आणि नाटक वेळेवर सुरू केलं, म्हणून आम्ही त्यांना काढलं. आणि मुलांशी खोटं बोललो. ते खोटं माझं."

मागून एक बाई उठली. त्या नाटकात तिने सावकाराचं काम केलं होतं. आता तिच्या कडेवर मूल होतं.

"आमाला म्हाईत हाय की सर," ती म्हणाली. "डाळिंबं सोलता सोलता अक्कांनी तवाच सगळं सांगितलं. तुमी कधी सांगताय, तेच बघत होतो आमी."