शिपायांच्या रजेचे अर्ज

माया ढोके मूळच्या वर्ध्याच्या. वडील बाबूराव लखनौच्या एका सरकारी कचेरीत दफ्तरी होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मायाताई लागल्या, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. जुन्या फायली लाल कापडात बांधायच्या, मध्ये कडुनिंबाची पानं घालायची, चैत्रात गठ्ठे सोडून हवा द्यायची, हे सगळं वडिलांनीच शिकवलेलं.

दोन वर्षांपूर्वी सक्सेनासाहेब बदलून आले. त्यांना या गाठोड्यांची लाजच वाटली. "ये दफ्तर है या धोबीघाट?" त्यांनी लोखंडी कपाटं मागवली. महत्त्वाच्या फायली कापडातून सुटून कपाटांत बंद झाल्या, किल्ल्या साहेबांच्या खिशात गेल्या. बिनमहत्त्वाचे कागद, म्हणजे शिपायांचे रजेचे अर्ज, माळ्यांच्या तक्रारी, जिन्याखाली टाकायचा हुकूम झाला. मायाताईंच्यानं ते तसे टाकवेनात. रिकाम्या झालेल्या लाल कापडांत त्यांनी ते पानं घालून नीट बांधले.

यंदा अभिलेख तपासायला देविका मिश्रा नावाच्या तज्ज्ञ बाई आल्या. साहेबांनी थाटात कपाट उघडलं. आतून असा कुबट वास आला की साहेबांनीच नाकाला रुमाल लावला. मागच्या भिंतीची ओल आत शिरली होती. जमिनीच्या नकाशांचा लगदा झाला होता.

"और कुछ बचा है?" देविकाबाईंनी विचारलं.

मायाताई त्यांना जिन्याखाली घेऊन गेल्या. पहिल्याच गठ्ठ्यात १९५३चा अर्ज निघाला, अगदी कोरा करकरीत: म्हैस व्यायली आहे, तीन दिवसांची रजा मिळावी. देविकाबाई हरखूनच गेल्या.

म्हशीचा अर्ज वातानुकूलित खोलीत, खास पेटीत गेला. जतनाबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. मायाताईंना मेमो मिळाला: अभिलेखांत पालापाचोळा का आढळला?

"लिहून टाक ना, चूक झाली म्हणून," इंदिरा नगरच्या घरी नवरा रणजित म्हणाला. "मामला खतम."

"झालीच नाही, तर लिहू कशी?"

त्यांनी उत्तर दिलं: पानं वाळवीसाठी होती, खात्री वाळवीकडूनच करून घ्यावी.

शिक्षा म्हणून त्यांना 'पारंपरिक जतन' या विषयाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पडद्यावर फोटो आला, तो त्यांच्याच गठ्ठ्यांचा. शिकवणारा तरुण म्हणाला, "पत्तियाँ तेज़ धूप में सुखाएँ."

मायाताईंनी हात वर केला. "भैया, छाँव में. धूप से तो असर उड़ जाता है."

"सवाल आख़िर में, मैडम."

शेवटी चहा आला, सवाल राहूनच गेले. मायाताईंनी खुर्ची ओढली आणि त्या तरुणाच्या शेजारी जाऊन बसल्या. "अच्छा, अब लिखिए," त्या म्हणाल्या.

त्यानं मुकाट्यानं वही काढली.