उलटं धरलेलं कार्ड

हे माझ्या बायकोला माहीत नाही. ज्यांच्याबरोबर एका जीपमध्ये बसून सगळा जिल्हा पालथा घातला, त्या सोबत्यांनाही नाही. एकदा बोलायला तोंड उघडलं होतं — नळदुर्गजवळच्या एका ढाब्यावर, ड्रायव्हरसमोर — आणि मग मी मीठ मागितलं. त्यानं मीठ सरकवलं. विषय तिथंच संपला.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का? असू द्या. निदान हा तरी उघडपणे करतो.

शाळेतल्या लेकरांचे डोळे तपासायचा एक कार्यक्रम होता. आमची संस्था तो चालवायची. प्रत्येक गावात डॉक्टर पोचत नाही, म्हणून मास्तरांनाच शिकवायचं, अशी कल्पना. सहा मीटरची दोरी आणि एक कार्ड. कार्डावर इंग्रजी ई सारख्या चार खुणा, चारींची तोंडं चार दिशांना. लेकरानं एक डोळा झाकायचा आणि दाते कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं. आमच्याकडची पोरं त्या खुणेला फणी म्हणायची. ज्याला फणी दिसत नाही त्याचं नाव यादीत, आणि यादीतल्या लेकरांना तालुक्याला डॉक्टरकडं न्यायचं. इतकं सोपं.

वर्षभरानं कुणीतरी जाऊन बघायचं, मास्तरांनी काम नीट केलंय का. काही लेकरं पुन्हा तपासायची, मास्तरांच्या नोंदीशी ताडून बघायची. याला मूल्यमापन म्हणतात. ते माझ्याकडं होतं. आणि मास्तरांना शिकवलं कुणी होतं? मीच. शिकवणारा मी, तपासणाराही मी. हे वर कुणाला खटकलं नाही. खाली कुणी विचारलं नाही. माझ्याच पेपरला मीच परीक्षक, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही — आज आठवलं की अंगाची लाही होते. पण तेव्हा झाली नाही, त्याचं काय?

भूमला मास्तरांचं प्रशिक्षण घेतलं त्या दिवशी मी एक वाक्य बोललो होतो. 'आधी लेकरांकडून सराव करून घ्या.' मला काय म्हणायचं होतं? की लेकराला खेळ कळू द्या, हात कसा दाखवायचा ते कळू द्या, आणि दर वेळी कार्ड फिरवा. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत सराव म्हणजे काय असतं? पाढ्यांचा सराव. कवितेचा सराव. म्हणजे झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल इथपर्यंत. ज्यांचं उभं आयुष्य असा सराव घेण्यात गेलं त्या माणसांपुढं मी तो शब्द टाकला आणि पुढं गेलो. कार्ड फिरवा, हे मी बोललो होतो का? आठवत नाही. — नाही, आठवतं. बोललो नव्हतो. जेवणं लागली होती.

भूमच्या पुढं, माळावर, एक दोन खोल्यांची शाळा. गाव सांगत नाही. मी जीपमधून उतरलो तेव्हा गुरुजी फाटकाशीच उभे होते. नवा सदरा, हातात नोंदवही.

"या साहेब. आमच्या शाळेचं एक बी लेकरू नापास न्हाय बघा."

नापास. डोळ्यांच्या तपासणीत नापास! तिथंच मी थांबायला हवं होतं. बसून विचारायला हवं होतं, गुरुजी, नापास म्हणजे काय समजलात तुम्ही? मी हसलो. चहा घेतला.

शाळेत खिचडी शिजवायला कमलबाई होत्या. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर, आणि मुलगी मुक्ता तिसरीत. ओले हात पदराला पुसत त्या माझ्याजवळ आल्या.

"साहेब, माझ्या मुक्तीला जरा नीट बघा. सुईत दोरा ववताना मान तिरकी करती. डाव्या अंगाला तांब्या ठिवला तर हात भलतीकडंच जातो."

"अवो बाई, आळशी हाय ती," गुरुजी मागून म्हणाले. "कामाचं नाव काढलं की मान तिरकी."

सगळे हसले. कमलबाईही हसल्या. "आळशी तर हाय," म्हणाल्या, आणि चुलीकडं गेल्या. पण जाताना एकदा वळून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी अजून टाळतोय.

मुक्ताचा नंबर आला. दोरीच्या त्या टोकाला ती, या टोकाला मी. आधी उजवा डोळा. चारही फण्या बरोबर. मी कार्ड टेबलावर ठेवलं, लिहिलं, कार्ड परत उचललं. आता डावा. तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला आणि मी बोट ठेवायच्या आतच सुरू झाली — "वर, उजवीकडं, खाली, डावीकडं." पाढ्यासारखी चाल लावून. खिडकीशी उभ्या असलेल्या गुरुजींचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मी कार्डाकडं बघितलं. कार्डाचा छापील नंबर खालच्या कोपऱ्यात, माझ्या अंगठ्याखाली असायला हवा. तो वर होता. टेबलावरून उचलताना मी कार्ड उलटं धरलं होतं.

समजतंय ना तुम्हाला? उलट्या कार्डावर पहिल्या फणीचे दाते उजवीकडं होते. मग वर, मग डावीकडं, मग खाली. तिनं सांगितलेल्या चारांतलं एकही तिथं नव्हतं. त्या पोरीला डाव्या डोळ्यानं फणी दिसतच नव्हती. ती पाठ म्हणत होती.

आता मी काय करायला हवं होतं ते ऐका. मनगट एकदा वळवायचं, पुन्हा विचारायचं. ती चुकली असती. तिचं नाव यादीत आलं असतं. मग बाकीच्या सगळ्या लेकरांना कार्ड फिरवून फिरवून तपासायचं. अर्ध्या दिवसाचं काम. जीप थांबली असती, ड्रायव्हर कुरकुरला असता. बस, एवढंच.

पण मग गुरुजी म्हणाले असते, साहेब, सराव घ्या असं तुमीच सांगितलं व्हतं. आणि सगळ्या तालुक्यातल्या मास्तरांनी तोच सराव घेतला असणार. म्हणजे सगळ्या नोंदी गेल्या. म्हणजे प्रशिक्षण फसलं. कुणाचं? माझं. हे सगळं डोक्यात यायला किती वेळ लागला असेल? ती पोर हात डोळ्यावर ठेवून अजून तशीच उभी होती. शाब्बास कधी म्हणतील याची वाट बघत.

मी शाब्बास म्हणालो. आणि लिहिलं — डावा डोळा, सामान्य.

निघताना कमलबाईंनी विचारलं. मी म्हणालो, "डोळे चांगले आहेत. काळजी करू नका." त्यांनी मला खिचडी वाढली. मी खाल्ली. हो, खाल्ली. अहवालात लिहिलं, 'शिक्षकांचे प्रशिक्षण परिणामकारक ठरले.' त्या वाक्याच्या जोरावर कार्यक्रम आणखी गावांत गेला. प्रशिक्षण पुन्हा मीच घेतलं. या वेळी कार्ड फिरवा असं सांगितलं — मोठ्यानं, दोनदा. म्हणजे चूक काय होती ते मला नीट ठाऊक होतं. पण त्या शाळेत मी परत गेलो नाही. मुक्ताच्या मागं रांगेत उभी असलेली लेकरं कोण होती, त्यांच्यातल्या किती जणांनी नुसता पाढा म्हटला? मला माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही, असं म्हणा.

चार वर्षांनी शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात तपासणी होती. या वेळी डोळे तपासणारी मुलगी त्यातलं शिकलेली, दवाखान्यातून आलेली. तिचा हात आपोआप कार्ड फिरवत होता. मुक्ता आता सातवीत. मी तिला ओळखलं ते मानेवरून.

तपासणाऱ्या मुलीनं दोनदा बघितलं, तीनदा बघितलं, मग म्हणाली, "डावा डोळा आळशी आहे हिचा."

तोच शब्द. गुरुजींनी पोरीला लावलेला शब्द तिच्या डोळ्याचा होता. तपासणाऱ्या मुलीनं कमलबाईंना बोलावून समजावून सांगितलं. डोळ्याचा नंबर लहानपणीच कुणी ओळखला नाही, म्हणून मेंदूनं त्या डोळ्यानं बघणंच सोडून दिलंय. तिसरीत असताना चष्मा लागला असता, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधली असती, तर बरंच परत आलं असतं. आता करून बघू. पण फार आशा धरू नका.

कमलबाई ऐकत होत्या. मग माझ्याकडं वळल्या. रागानं नाही हो — रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. काहीतरी समजून घ्यायचं असावं तसं त्या म्हणाल्या, "पण साहेबांनी बघितलं व्हतं की. चांगलं हायेत म्हनले. म्हनून तर त्या साली भूमला डोळ्यांचं शिबिर झालं, तिथं न्हेलं न्हाय म्या. गाडी गावात आलती."

ऐकलंत? गाडी गावात आली होती. नुसतं बसायचं होतं. माझ्या शब्दावर ती बाई घरी राहिली. मी त्या शाळेत गेलोच नसतो तर त्या पोरीचा डोळा वाचला असता.

मी काही बोलायच्या आत हायस्कुलाचे मुख्याध्यापक बोलले. "खालच्या शाळेतले मास्तर काय बघतेत? निस्तं पाठ करून घेतेत."

आणि मी म्हणालो, "हो, होतं असं कधीकधी."

कार्ड उलटं धरलं गेलं ती चूक होती, मान्य. पण हे वाक्य? हे तर मी सुलटं, सगळ्यांसमोर, पूर्ण शुद्धीत बोललो. गुरुजी तिथं नव्हते. आता ते निवृत्त होऊन त्याच गावात राहतात. त्यांनी पोरीचा डोळा घालवला असं गावात बोललं जातं. पारावर कुणी त्यांना टोमणा मारतं, "काय गुरुजी, फणी कुठं?" हे मला आमच्याच ड्रायव्हरनं हसत सांगितलं. मी हसलो नाही, एवढंच माझं शौर्य. त्या माणसानं सांगितलं तसं केलं होतं, मन लावून केलं होतं. सांगणारा मी होतो.

पट्टीचा फार उपयोग झाला नाही. मुक्ता आता सतराची आहे. मागच्या हिवाळ्यात सकाळी भूमच्या रस्त्यावर ती धावताना दिसली. बरोबर दोघी मैत्रिणी, तिघींच्या पायात बूट. ड्रायव्हर म्हणाला, "पोलीस भरतीची तयारी चाललीय." ती सगळ्यांच्या पुढं होती. छान धावते.

भरतीत डोळे तपासतात. दोन्ही, वेगवेगळे. तिला हे कुणी सांगितलंय का? सांगायला कुणाला माहीत आहे? मला माहीत आहे. ती रोज धावते आणि मला माहीत आहे.

माझ्यावर दया येईल असं इथं काही लिहिलेलं नाही. येत असेल तर माझ्या लिहिण्यात कुठंतरी लबाडी राहिली असेल. घर चालवायचं होतं, साहेबांची भीती होती, असं काही नव्हतं. मला कुणी ओरडलंसुद्धा नसतं. जरा लाज वाटली असती. ती चुकवायला मी आठ वर्षांच्या पोरीचा डोळा दिला.

कमलबाईंना मला सांगायचं आहे की त्या दिवशी मला कळलं होतं. गुरुजींना, पारावर, चार माणसांत सांगायचं आहे की ती चूक माझी. आणि मुक्ताला, भरतीचा अर्ज भरायच्या आधी, सांगायचं आहे की ती कितीही पळाली तरी तिला कुठं अडवतील, आणि कुणामुळं. तिघं एकाच गावात राहतात. मी अजून गेलेलो नाही.